दूध थांबवण्याची गोळी: आधी काय तपासायचं, कशी घ्यायची, नंतर काय टाळायचं

बाळंतपणानंतर दूध येऊ नये म्हणून दिलेली गोळी फसते तेव्हा दोष सहसा गोळीचा नसतो. ती उशिरा घेतली जाते, रक्तदाब न मोजता घेतली जाते, किंवा गोळीही चालू आणि शतावरी कल्पही चालू असा कारभार असतो. काही घरांत तर पोटासाठी दिलेली साधी कॅप्सूलच या गोळीचं काम मोडून टाकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून खाली सगळं क्रमाने दिलं आहे. क्रम बदलू नका.

हा लेख चार जणींसाठी आहे: जिचं बाळ पोटात किंवा जन्मल्यावर गेलं, जिला पाचव्या महिन्याच्या आसपास किंवा त्यानंतर गर्भ गमवावा लागला, जिचे कर्करोगासारख्या आजाराचे उपचार लगेच सुरू करायचे आहेत, आणि जिने विचार करून अंगावर न पाजण्याचं ठरवलं आहे. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं आणि तसंच घ्यायचं. डोस इथे दिले आहेत ते चिठ्ठी हातात आल्यावर ती तुम्हाला वाचता यावी, प्रश्न विचारता यावेत म्हणून.

वर्षा-दोन वर्षांच्या मुलाचं दूध तोडण्यासाठी ही गोळी नाही. तिथे दर तीन-चार दिवसांनी एक एक वेळ कमी करत गेलं की दूध आपोआप आटतं.

टप्पा १ : खरंच थांबवायचं आहे का?

हा टप्पा सर्वांत पुढे आहे, कारण इथली चूक परत फिरवणं फार अवघड जातं. या गोळीत बहुतेकदा कॅबरगोलिन हे औषध असतं. त्याच्या एकाच डोसाचा परिणाम बाळंतिणीत १४ ते २१ दिवस टिकू शकतो. चौथ्या दिवशी मन बदललं तर गोळी बंद करायला काही उरलेलंच नसतं.

आधी कारण तपासा. पुढच्या गोष्टींसाठी दूध कायमचं थांबवावं लागत नाही: सिझेरियन, ताप, अंगात रक्त कमी असणं, बाळाची कावीळ, आईचा हिपॅटायटिस बी (बाळाला जन्मल्याबरोबर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळालेलं असेल तर), आणि औषध चालू असलेला साधा क्षयरोगही. एचआयव्हीचं नाव ऐकताच ‘दूध बंद’ म्हणणारे आजही भेटतात. भारतातलं राष्ट्रीय धोरण मात्र आईचे उपचार चालू ठेवून पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान द्यावं असंच आहे. वेगळा निर्णय घ्यायचा असेल तर तो एआरटी केंद्रातल्या (जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात) डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

दूध खरोखर थांबवावं लागतं अशी कारणं मोजकी आहेत. केमोथेरपी हे एक. थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन द्यायचं असेल तर स्तनपान काही आठवडे आधीच बंद करावं लागतं, कारण दूध बनवणाऱ्या स्तनात ते साठतं. बाळाला गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असेल तर कोणाचंच दूध चालत नाही.

✔ तपासा: दूध द्यायचं नाही ते कायमचं की चार दिवसांपुरतं? चार दिवसांपुरतं असेल तर गोळी नको. दूध नियमित काढून टाकत राहा, म्हणजे नंतर पाजता येईल. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे आणि आई आजारी आहे, अशा गडबडीतही गोळीची घाई करू नका.

बाळ गेलं असेल तेव्हाची एक गोष्ट स्पष्ट सांगते. निर्णय बाळंतिणीचा आहे. सासू, आई, नवरा दाराबाहेर डॉक्टरांशी बोलतात, तिला ‘ही गोळी घे’ एवढंच सांगितलं जातं, आणि ती गोळी कशाची होती ते तिला आठवड्याने कळतं. हेतू चांगला असतो, पद्धत चुकीची. तिला गोळी हवी असेल तर लगेच द्यावी. काही जणींना मात्र दूध हळूहळू आपसूक आटू द्यावंसं वाटतं, आणि काही जणींना ते दुसऱ्या बाळांसाठी द्यावंसं वाटतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. आता अनेक मोठ्या रुग्णालयांत अशा पेढ्या आहेत. हा पर्याय सांगावा, त्यासाठी आग्रह धरू नये.

टप्पा २ : रक्तदाब आणि फाइल

गोळी तोंडात टाकण्याआधी रक्तदाब मोजलेला हवा. काल मोजलेला चालणार नाही, आज मोजलेला हवा.

यात एक क्रूर विरोधाभास आहे. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब, म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया, हे पोटात बाळ जाण्याचं एक मोठं कारण आहे. म्हणजे जिला ही गोळी हवीशी वाटेल, तिलाच ती बऱ्याचदा चालत नाही. दुसरं असं की रक्तदाब बाळंतपण झालं म्हणून लगेच उतरत नाही. तो तिसऱ्या ते सहाव्या दिवसात वरही चढतो. ‘आता मूल झालं, बीपी गेला’ हे गृहीत धरून गोळी सुरू करणं ही या सगळ्यातली सर्वांत धोकादायक चूक आहे.

यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना नाव घेऊन सांगा, ‘फाइलमध्ये असेलच’ म्हणून सोडू नका:

- गरोदरपणात किंवा नंतर वाढलेला रक्तदाब, झटके
- हृदयाचा आजार. विशेषतः लहानपणीच्या संधिवाती तापामुळे खराब झालेली झडप
- याआधीच्या बाळंतपणानंतर भ्रम, भास, वेड्यासारखं वागणं, किंवा इतर गंभीर मानसिक आजार
- यकृताचा गंभीर आजार
- अर्गोट गटातल्या औषधांची ॲलर्जी (ही गोळीही त्याच गटातली)

⚠ मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर गोळीसाठी ती स्वतःहून बंद करू नका. दूध येणं हा त्रास आहे. औषध तुटल्याने आजार उलटणं हा त्याहून मोठा धोका आहे.

टप्पा ३ : बाकीच्या गोळ्या टेबलावर मांडा

सुट्टी मिळताना हातात पडलेल्या सगळ्या पाकिटांची नावं वाचा. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात असतं ते नाव वाचायचं.

डॉम्पेरिडोन: बहुतेकींची चूक इथे होते. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ‘गॅसची कॅप्सूल’ आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर असते. तिच्यात बऱ्याचदा पॅन्टोप्राझोल किंवा राबेप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन असतं. कॅबरगोलिन मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करून प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं संप्रेरक, खाली आणतं. डॉम्पेरिडोन नेमकं डोपामिनला अडवतं आणि प्रोलॅक्टिन वर नेतं. ज्यांना दूध कमी येतं त्यांना काही डॉक्टर हेच औषध देतात, यावरून काय ते समजा. नुसतं पॅन्टोप्राझोल लिहून द्यायला सांगा.

मेटोक्लोप्रामाइड: उलटीवरचं हे औषधही याच माळेतलं. उलटीसाठी काही हवंच असेल तर ऑन्डॅनसेट्रॉनचं विचारा, ते डोपामिनच्या वाटेला जात नाही.

मिथाइलअर्गोमेट्रिन: बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरण्यासाठी देतात, कधी घरी घ्यायला गोळ्याही देतात. कॅबरगोलिन आणि दूध थांबवण्याचं दुसरं औषध ब्रोमोक्रिप्टिन, ही दोन्ही याच अर्गोट घराण्यातली. रक्तवाहिन्या आकुंचन पावण्याचा धोका वाढतो, म्हणून ती एकत्र नकोत.

एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन: या अँटिबायोटिक्समुळे कॅबरगोलिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

टप्पा ४ : कोणतं औषध?

चिठ्ठीवर कॅबरगोलिन असेल तर ठीक. ब्रोमोक्रिप्टिन असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: ‘हेच का?’

ब्रोमोक्रिप्टिन चौदा दिवस, दिवसातून दोनदा घ्यावं लागतं, मळमळ जास्त होते, आणि बंद केल्यावर दूध पुन्हा उसळण्याचं प्रमाणही जास्त. हे झालं गैरसोयीचं. खरी अडचण वेगळी आहे: पक्षाघात, झटके, हृदयविकाराचा झटका अशा दुर्मिळ पण गंभीर घटनांच्या नोंदी झाल्यावर अमेरिकेत दूध थांबवण्यासाठीचा त्याचा वापर १९९० च्या दशकातच काढून घेण्यात आला. २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने ते केवळ वैद्यकीय कारण असेल तरच वापरावं, छाती दुखते-तटते एवढ्यासाठी वापरू नये, असं बंधन घातलं. बाळंतपणाच्या सुमारास हृदयाचे स्नायू कमकुवत होण्याच्या एका आजारात हृदयरोगतज्ज्ञ ते मुद्दाम देतात, पण तो सर्वस्वी निराळा मामला आहे.

कॅबरगोलिनही निर्धोक नाही. टप्पा २ दोघांनाही लागू. फक्त डोस कमी लागतात आणि त्रास कमी होतो.

आणि हे नको:

- इस्ट्रोजेनची इंजेक्शनं किंवा गोळ्या. पूर्वी देत असत. बाळंतपणानंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका तसाच वाढलेला असतो, त्यात ही भर.
- सर्दीच्या गोळ्या. स्यूडोएफेड्रिनने दूध कमी होतं हे खरं, पण ते रक्तदाबही वाढवतं.
- ब जीवनसत्त्वाच्या (बी ६) मोठ्या डोसांवर भरवसा. पुरावा फारच तोकडा.

टप्पा ५ : गोळी घेण्याची वेळ आणि पद्धत

वार निघाली की प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक कोसळतं आणि दूध बनायला हिरवा कंदील मिळतो. छाती भरून येते ती साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. गोळीचं काम त्याआधी व्हायला हवं. म्हणून दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि त्यांची सरमिसळ करायची नाही.

दूध यायच्या आधी: बाळंतपणानंतर पहिल्या २४ तासांत १ मिलिग्रॅम, एकदाच. आपल्याकडे ०.२५ आणि ०.५ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, म्हणजे ०.५ च्या दोन गोळ्या एका वेळी. विषय संपला. दुसऱ्या दिवशी ‘अजून एक घेऊन ठेवू’ हे नको.

दूध सुरू झाल्यावर: ०.२५ मिलिग्रॅम दर बारा तासांनी, दोन दिवस. एकूण चार डोस. बेरीज तीच, १ मिलिग्रॅम. पण इथे एका वेळी ०.२५ पेक्षा जास्त घ्यायचं नाही, कारण उभं राहताना रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. पाचव्या दिवशी छाती दगडासारखी झाल्यावर पहिल्या दिवसाचा डोस आठवून चारही एकदम गिळणं ही नेहमीची चूक.

✔ चिठ्ठी वाचताना: हेच औषध प्रोलॅक्टिन वाढण्याच्या आजारात आठवड्यातून एकदा-दोनदा असं महिनोन्‌महिने देतात. औषधांच्या दुकानात ‘आठवड्याला एक’ असं सांगितलं गेलं तर थांबा आणि डॉक्टरांना फोन करा.

घेताना:

१. पोटात काहीतरी असू द्या. मऊ भात, खिचडी, पोळी, काहीही.
२. शक्यतो रात्री झोपताना घ्या, म्हणजे मळमळ आणि चक्कर झोपेत निघून जाते. पण रात्रीची वाट पाहताना २४ तास उलटणार असतील तर दिवसाच घ्या.
३. पुढचे तीन-चार दिवस उठताना आधी कुशीवर, मग बसून, मग उभं. पहिल्या दिवशी मोरीत एकटीने जाऊ नका.
४. गोळीनंतर लगेच उलटी झाली तर दुसरी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. फोन करा.

चक्कर पहिल्या दिवशीच येते असं नाही. रक्तदाब तिसऱ्या-चौथ्या दिवशीही घसरलेला असू शकतो. आपल्याकडची अडचण म्हणजे नेमकं तेव्हाच मालीश, कढत पाण्याची अंघोळ आणि शेक-शेगडी सुरू झालेली असते. गरम पाण्याने रक्तदाब आणखी उतरतो. पाटावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती ‘अशक्तपणाने’ नाही, तर या दोन्हींच्या जोडीने. चार दिवस कोमट पाणी वापरा, शेगडी राहू द्या. गाडी चालवायचा प्रश्नच नाही.

टप्पा ६ : स्वयंपाकघर

अळिवाची खीर, मेथीचे लाडू, शतावरी कल्प, बाळंतकाढा हे दूध उतरावं म्हणून देतात. आता नको. बाळ गेलेल्या घरात तर अळिवाची वाटी समोर येणं हाच एक घाव असतो, तो कोणीतरी आधीच टाळावा. डिंक, सुकामेवा, तूप, भाकरी-भाजी, वरण-भात यांना काही मनाई नाही. अंगात ताकद तर यायलाच हवी.

पाणी तोडू नका. पाणी कमी प्यायल्याने दूध थांबत नाही, लघवीची जळजळ आणि बद्धकोष्ठ मात्र होतं.

टप्पा ७ : छातीशी कसं वागायचं

गोळी घेऊनही छाती थोडी भरू शकते. आणि टप्पा २ मध्ये जिला गोळी नाकारली गेली, तिच्यासाठी हाच टप्पा सगळा उपचार आहे. त्रास साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसात शिगेला जातो, मग ओसरतो. थेंब थेंब गळणं पुढे काही आठवडेही चालू राहू शकतं.

बांधून टाकू नका. ओढणीने, पट्ट्याने करकचून बांधण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने दुखणं वाढतं, नळ्या दबून गाठी होतात. आधार देणारी, तार नसलेली, अंगाबरोबर बसणारी ब्रा दिवस-रात्र घाला. सैल नको, आवळ नको.

गार शेक. बर्फ रुमालात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून काही वेळा. गरम शेकाने क्षणभर बरं वाटतं आणि पान्हा सुटतो, म्हणून तो टाळा. अंघोळीला पाणी पाठीवरून घ्या. फ्रीजमधली कोबीची पानं धुऊन छातीवर ठेवतात, मऊ पडली की बदलतात. गारवा मिळतो, एवढ्यासाठी जरूर करा. मोगऱ्याच्या फुलांची गोष्टही निव्वळ आजीबाईंची नाही: १९८८ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी छातीवर मोगऱ्याची फुलं चिकटवण्याची तुलना थेट ब्रोमोक्रिप्टिनशी केली होती, आणि छाती तटण्यावर फुलांचा परिणाम बऱ्यापैकी दिसला होता. कातडीला पुरळ येत नसेल तर त्यात तोटा नाही. मात्र तो अभ्यास लहान होता, म्हणून गोळीच्या जागी फुलांवर विसंबू नका.

पिळून रिकामं करू नका. पंप लावून ‘एकदाचं सगळं काढून टाकू’ म्हटलं की शरीराला उलट निरोप जातो: आणखी बनव. पण अगदीच असह्य झालं तर हाताने थोडंसं, ताण सैल होईपर्यंतच काढा. अजिबात हात लावायचा नाही हाही अतिरेकच.

दुखण्यावर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन जास्त चांगलं काम करतं, कारण ते सूजही उतरवतं, पण रक्तदाब, मूत्रपिंड किंवा अल्सरचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको.

आणखी एक, जे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. दुसऱ्याच्या बाळाचं रडणं ऐकूनही पान्हा सुटतो. बाळ गेलेल्या बाईला प्रसूती वॉर्डात, पाळण्यांच्या रांगेत ठेवणं हे मनालाच नाही, छातीलाही त्रासाचं आहे. वेगळी खोली किंवा दुसरा वॉर्ड मागा. जागा नसेल तर कोपऱ्यातली खाट मागा.

टप्पा ८ : लगेच रुग्णालय गाठायची लक्षणं

गोळी बंद करा आणि निघा (रुग्णवाहिकेसाठी १०८):

- न थांबणारी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके, दिसणं धूसर होणं
- छातीत दुखणं, धाप लागणं
- हात-पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, बोलणं अडखळणं, झटका
- भास होणं, झोप पूर्ण उडून असंबद्ध बोलणं

तीव्र डोकेदुखीला ‘झोप झाली नाही म्हणून’ म्हणत डोक्याला बाम चोळत बसू नका. आधी रक्तदाब मोजा.

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा: ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, छातीचा एक भाग लाल, गरम, दुखरा, किंवा न विरघळणारी गाठ. संसर्ग वेळीच न आवरल्यास पू होतो.

मन फार खचलं असेल, जगावंसं वाटत नसेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर कधीही मोफत बोलता येतं, मराठीतही.

टप्पा ९ : दुसरा-तिसरा आठवडा

गोळीचा परिणाम ओसरला की काही जणींना छाती पुन्हा भरल्यासारखी होते. घाबरून दुसरा कोर्स विकत आणू नका. टप्पा ७ पुन्हा सुरू करा, बहुतेकदा काही दिवसांत ते शमतं. न शमल्यास डॉक्टरांकडे जा. औषधांच्या यादीत डॉम्पेरिडोन परत तर आलं नाही ना, हे जाताना पाहा.

पाळी यायची वाट न पाहता गर्भनिरोधनाचं बोला. अंगावर पाजत नसलेल्या बाईत बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यातही बीज तयार होऊ शकतं, म्हणजे पहिल्या पाळीच्या आधीच दिवस राहू शकतात. एकविसाव्या दिवसापासून काळजी घ्यावी. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या पहिले तीन आठवडे कोणालाच नकोत. सिझेरियन, वाढलेलं वजन, गुठळ्यांचा इतिहास असं काही असेल तर सहा आठवडे थांबायला सांगतात.

शेवटी फाइलमध्ये तीन ओळी स्वतःच्या हाताने लिहून ठेवा: औषधाचं नाव, डोस, तारीख. पुढच्या बाळंतपणात दूध येईल का, असं पुष्कळ जणी काळजीने विचारतात. या छोट्या कोर्सने पुढच्या खेपेचं दूध जात नाही. पण तेव्हाच्या डॉक्टरांना गेल्या वेळी काय दिलं होतं आणि ते कसं सोसलं, हे त्या तीन ओळींतूनच कळेल.